मेसईद रोडवरचे ससे

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

सशांनी आज चार नंबरच्या प्लॉटची अख्खी कड खाल्ली. नुसतं खाल्लं तर गवत परत उगवतं. पण हे जनावर मुळापर्यंत उकरतं आणि वर मुततं. मग तिथली हिरवळ पिवळी पडते, आणि गवताचा पिवळा रोल कुठलंच स्टेडियम घेत नाही.

ससे इथले नाहीत. आजूबाजूच्या फार्मवर कुणीतरी हौसेने पाळलेले, कुणीतरी सुटू दिलेले. वाळवंटात ते मेलेच असते. आम्ही वर्ल्ड कपसाठी हिरवळ लावली, तिला दिवसरात्र पाणी दिलं, वर वाळू अडवायला चारी बाजूंनी मातीचा बांध घातला. त्यांना खायला, प्यायला आणि घर करायला सगळं आम्हीच दिलं. कुंपण केलं, त्याखालून आले. सापळे लावले, त्यात मांजरं सापडली. विष घालायची सोय नाही, कारण शेजारच्या कतारी मालकाचे शिकारी ससाणे आहेत आणि आमच्या नर्सरीला ‘विषमुक्त’ सर्टिफिकेट हवं आहे.

आज मीटिंगमध्ये पियूषने सांगितलं की इंग्लंडहून फेरेट नावाचे प्राणी मागवलेत. बिळात सोडायचे, ससे घाबरून बाहेर येतात, तोंडाशी लावलेल्या जाळीत अडकतात. शेकडो वर्षं तिकडे असंच करतात म्हणे.

“हे बघणार कोण?” मी विचारलं.

“तुम्हीच, गिरीश सर. ॲग्रिकल्चरवाले आहात ना!”

पियूष माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मी नाशिकला द्राक्षांवर आयुष्य घालवून इथे आलो आणि सात वर्षं सीनियर सुपरवायझर आहे. बायकोला, नीताला, सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “वर्ल्ड कपला तुझा हात लागेल म्हणत होतास. लागला.”

२७ नोव्हेंबर, मंगळवार

फेरेट आले. दोन माद्या, मुंगसासारख्या लांबड्या, एक पांढरी आणि एक तपकिरी. बरोबर ट्रेव्हर नावाचा इंग्रज. तो दोन आठवडे शिकवणार आणि जाणार.

त्यांना उष्णता सोसत नाही, म्हणून साइट ऑफिसशेजारी नवी पोर्टाकॅबिन आणली. तिला दोन एसी. लेबर कॅम्पातल्या सहा नंबरच्या खोलीचा एसी रमजानपासून बंद आहे. हे मजीदने मला ऐकवलंच.

मजीद म्हणजे माझा मदतनीस. पाण्याच्या लाइनवरचा माणूस, दापोलीकडचा, माझ्याच वयाचा. फेरेटना हात लावायला दुसरं कुणी तयार होईना. नेपाळी पोरं लांबून बघून हसत होती. मजीदने पांढरीला सरळ मानेला धरून उचललं. तिने त्याचा अंगठा फोडला.

“आमच्या बंदरावर फुलाबाई म्हणून मासेवाली होती,” तो रक्त चोखत म्हणाला. “भाव केला की अशीच अंगावर यायची.”

पांढरीचं नाव फुलाबाई पडलं. तपकिरी शांत होती, तिला त्याने कमलिनी म्हटलं. ट्रेव्हरने त्यांची इंग्लंडमधली नावं दोनदा सांगितली. कुणी लक्षात ठेवली नाहीत.

२ डिसेंबर, रविवार

पहिली शिकार.

सकाळी गारवा असताना दक्षिणेच्या बांधावर गेलो. आधी सगळी तोंडं शोधायची. एक जरी राहिलं तर ससा तिथून पळतो. प्रत्येक तोंडावर जाळी पसरायची, तिची दोरी खुंटीला बांधायची, आणि मग बोलायचं नाही. ट्रेव्हरने फुलाबाईच्या गळ्यात पट्टा घातला. ती आत कुठे आहे ते त्या पट्ट्यामुळे त्याच्या यंत्रावर कळतं. तिने बिळात तोंड घातलं, शेपटी दिसेनाशी झाली.

बराच वेळ काही नाही. मजीद माझ्याकडे बघून खांदे उडवायला लागला. आणि मग जमिनीतून आवाज आला. आत कुणी मुठीने भिंत बडवतंय असा. ट्रेव्हरने बोट वर केलं. पुढच्या क्षणी डावीकडची जाळी उसळली आणि त्यात ससा गोळा होऊन गडबडा लोळत होता. मी धावलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस वाळूत गुडघ्यांवर पडून सशाचे पाय धरतोय. पण खरं सांगायचं तर इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ट्रेव्हरने मान मोडायचं शिकवलं. एक झटका. मला जमलं. जमायला नको होतं असं वाटलं, पण जमलं.

६ डिसेंबर, गुरुवार

मेलेले ससे उत्तरेच्या खड्ड्यात टाकून वर चुना घालायचा, असा कंपनीचा नियम आहे. आज खड्ड्याशी मजीद म्हणाला, “साहेब, चांगलं मटण मातीत घालताव.”

“नियम आहे.”

“कॅम्पात आठवड्यातनं एकदा कोंबडी. तीबी नुसती हाडं. जाळीतला ससा जिता असतो, मी बिस्मिल्ला म्हणून कापला तर हलाल हाय. विचारा कुणालाबी.”

मी खड्ड्याकडे बघितलं. माशा घोंगावत होत्या. ह्याच माणसांनी अंथरलेल्या गवतावर जग खेळणार आणि यांनी हाडं चघळायची. मी म्हणालो, “घेऊन जा. पण कुणाला दाखवत फिरू नकोस. कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही.”

“तुमचं नाव कशाला घेऊ?” तो म्हणाला.

घरी नीताला सांगितलं. ती पोळ्या करत होती. म्हणाली, “चांगलं केलंस.” फार दिवसांनी ती मला चांगलं काही म्हणाली.

१४ डिसेंबर, शुक्रवार

ट्रेव्हर गेला. इराला साइट दाखवायला घेऊन गेलो. शुक्रवार असल्यामुळे सगळं सामसूम. चौदा वर्षांची मुलगी हल्ली माझ्याबरोबर कुठेच येत नाही, फेरेटसाठी आली. मजीदने सुट्टी असूनही कॅबिन उघडून दिली. इराने कमलिनीला स्वेटरच्या बाहीत घातलं आणि ती बाही-बाहीने गळ्याशी निघाली. इरा खिदळत होती. मजीद तिच्याशी मराठीत बोलत होता, ती इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

बांधाजवळ एक पांढरी पिकअप उभी होती. तोंडाला मास्क लावलेले दोघं बादलीतून काहीतरी टाकत चालले होते. मी पियूषला फोन केला. म्हणाला, “डासांचं औषध आहे सर, ड्रेनेजच्या पाण्यामुळे. दर शुक्रवारी येतील. तुम्ही सुट्टी एन्जॉय करा.”

परत येताना इराने विचारलं, “Baba, what’s that blue stuff?” बांधाच्या कडेला निळे दाणे होते.

“खत असेल,” मी म्हणालो. वाटेत वक्रा गावच्या सिग्नलवर गर्दी होती, तिकडे लक्ष होतं.

२७ डिसेंबर, गुरुवार

ससे कमी झाले. चक्क कमी झाले! चार नंबरची कड पुन्हा हिरवी होते आहे. मी आता तोंडं बघून सांगू शकतो की बीळ चालू आहे की सोडलेलं. पूर्वी जाळीत ससा नुसता थैमान घालायचा. आता येतात आणि पडून राहतात. काही तर उन्हात बाहेरच बसलेले असतात, हाताने उचलावेत असे. फेरेटच्या वासाची दहशत बसली असणार. ट्रेव्हरने हे सांगितलं नव्हतं, माझंच निरीक्षण आहे. त्याला ईमेल केला.

पियूषने आज पाहुण्यांसमोर मला उभं केलं. स्टेडियमच्या बाजूने आलेली मंडळी, सूटबूट. मी फुलाबाईला खांद्यावर घेऊन माहिती दिली. विषाचा एक कण न वापरता, असं पियूष मधेमधे म्हणत होता. एका बाईंनी व्हिडिओ काढला. पियूष नंतर म्हणाला, “सर, हे मोठं होणार आहे.”

सात वर्षांत ह्या कंपनीने माझा फोटो फक्त गेट पाससाठी काढला होता.

९ जानेवारी २०१९, बुधवार

मजीद कामात ढिला पडला आहे. सकाळी जाळ्या लावताना दोनदा बसला. म्हणाला, दम लागतो. दात घासताना रक्त येतं म्हणतो. मी म्हटलं, लिंबू-संत्री खा, कॅम्पात भाजी काय मिळत असेल. त्याने पँट वर करून पोटरी दाखवली, काळीनिळी झाली होती. कुठे आपटली आठवत नाही म्हणे. बंक बेडवरून उतरताना लागलं असेल.

“सशाचं मटण गरम पडलं वाटतं,” तो म्हणाला. “आणि मी तर काळजंच खातो सगळी. बाकीच्यांस्नी नको असतात. फुलाबाई, कमलिनी आणि मी, आमी तिघं काळीजवाले.”

फेरेटना सशांची काळजं द्यायची हे ट्रेव्हरनेच सांगून ठेवलं होतं. त्यांना ती फार आवडतात.

१५ जानेवारी, मंगळवार

कमलिनी बिळात गेली आणि आली नाही. यंत्रावर बघून खणलं. मेलेल्या सशाशेजारी नुसती पडून होती. उचलली तर अंग ढिलं, नाकाशी रक्त. झटापटीत लागलं असेल असं आधी वाटलं, पण जखम नाही. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी तिला आणि बरोबर फुलाबाईलाही घेऊन दोह्याला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉ. विजयालक्ष्मी म्हणून बाई आहेत, हैदराबादच्या. त्यांनी कमलिनीला टेबलावर ठेवलं, तेव्हाच तिचा श्वास थांबत आला होता. सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. दहा मिनिटांत गेली.

बाईंनी हात धुतले आणि हिंदीत विचारलं, “तुमच्याकडे उंदरांचं औषध टाकतात का? निळे दाणे?”

मी म्हणालो, “नाही. आमच्याकडे बंदी आहे.”

“मग हिने खाल्लेल्या कशाने तरी खाल्लंय. ह्या औषधाने रक्त गोठणं बंद होतं. ससा विष खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस फिरतो. त्याचं काळीज विषाने भरलेलं असतं. हिला काय खायला देता?”

मी सांगितलं.

त्यांनी फुलाबाईच्या हिरड्या बघितल्या, लगेच व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं, पुढे महिनाभर द्यायचं औषध दिलं. म्हणाल्या, “हिला वेळेवर आणलंत. वाचेल.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “हे ससे माणसं तर खात नाहीत ना?”

“नाही, नाही,” मी म्हणालो. “आम्ही पुरतो. चुना घालून.”

गाडीत बसलो आणि खूप वेळ चावी फिरवली नाही. फुलाबाई पिंजऱ्यात ओरबाडत होती.

१७ जानेवारी, गुरुवार

पियूषला सरळ विचारलं. आधी डास म्हणाला. मग दार लावून घेतलं.

“सर, दोन मुंगसांनी एवढे ससे संपतात असं तुम्हाला खरंच वाटलं?”

मला खरंच वाटलं होतं.

“इन्स्पेक्शनच्या आधी साफ व्हायला हवं होतं. आता झालं, खलास. पुढच्या शुक्रवारपासून बंद करतो. सर्टिफिकेट मिळू दे, तुमचं प्रमोशन मी करून घेतो. आणि तुमचंच नाव आहे ना सगळ्या व्हिडिओत? ओरडून फायदा कुणाचा?”

मी म्हणालो, “कुणी ते ससे खाल्ले असतील तर?”

“कोण खाईल? पुरतो ना आपण?” माझ्याकडे जरा बघून म्हणाला, “पुरतो ना, सर?”

मी हो म्हणालो.

मजीद आज कामावर नव्हता. कॅम्पातल्या दवाखान्यात गेला, तिथे तापाच्या गोळ्या दिल्या असं कळलं.

१८ जानेवारी, शुक्रवार

काही विशेष नाही. इराचं गणित घेतलं. नीताने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, कमलिनी गेली ना.

फेरेट केवढंसं जनावर. माणसाचं वजन सत्तर किलो. एवढ्याशाने माणसाला काय होणार? शिवाय मजीदला मी आता काळीज खाऊ नको म्हणून फोन करणारच होतो. केला. उचलला नाही.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळी कॅम्पाच्या बाजूला जाणार होतो. इन्स्पेक्शनची तयारी निघाली. फुलाबाईला औषध दिलं, तुपात कालवून. चाटून पुसून खाल्लं.

२० जानेवारी, रविवार

मजीदला सकाळी कामाच्या बसमध्ये नाकातून रक्त सुरू झालं. थांबेना. बसमधल्या पोरांनी शर्ट लावले. मी साइटवर वाट बघत होतो, बसमधून तो उतरला नाही, त्याला उतरवला. माझ्या गाडीत मागच्या सीटवर घातला आणि हॉस्पिटलकडे निघालो. तो शुद्धीत होता. माझी सीट खराब होतेय म्हणून डोकं उचलून धरत होता.

“मजीद, डोकं टेक,” मी ओरडलो.

“डाग जायाचा नाय साहेब,” तो म्हणाला.

इमर्जन्सीत तरुण डॉक्टर होता. प्रश्न विचारत होता, रक्ताचा काही आजार? गोळ्या? काय खाल्लं? मजीद माझ्याकडे बघून गप्प बसला. माझं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं ना. डॉक्टर म्हणाला, कारण कळायला तपासण्या कराव्या लागतील, वेळ लागेल.

मी म्हणालो, “उंदरांचं विष. त्याने विष खाल्लेले ससे खाल्लेत. काळीज. महिनाभर.”

डॉक्टरने पेन थांबवलं. “हे तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ता,” मी म्हणालो. “म्हणजे आज सकाळी लक्षात आलं.”

त्यांनी त्याला तेच इंजेक्शन दिलं. व्हिटॅमिन के. रक्ताच्या बाटल्या लावल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला की वाचेल, पण दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर इतकं झालंच नसतं. डोक्यात थोडा रक्तस्राव झालाय. उजव्या हाताची ताकद किती परत येईल, आत्ता सांगता येत नाही.

घरी येऊन सीट धुतली.

३१ जानेवारी, गुरुवार

सर्टिफिकेट मिळालं.

मजीद बरा आहे. चालतो. उजव्या हाताने पेला धरायला गेला की पेला कलतो. मी दर दोन दिवसांनी जातो, खजूर नेतो. तो दरवेळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगतो, “हे आमचे साहेब. ह्यांनी डॉक्टरला सांगितलं म्हणून वाचलो.”

आज एचआरच्या अरुणकुमारने बोलावलं. हॉस्पिटलमधून चौकशी आली होती. पियूष शेजारी बसला होता. विष कंत्राटदाराने परस्पर टाकलं, त्याचं कंत्राट रद्द केलं, असं उत्तर तयार होतं. राहिला प्रश्न सशांचा. नष्ट करायला दिलेली जनावरं साइटवरून बाहेर नेली म्हणजे ती चोरी होते, असं अरुणकुमार शांतपणे म्हणाला. मजीदचं म्हणणं आहे की त्याला परवानगी होती. कुणाची, ते सांगत नाही.

“गिरीश, तुम्ही दिली होती का?”

पियूष टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत होता.

मी म्हणालो, “मला तसं काही आठवत नाही.”

“नाही म्हणजे नाही दिली?”

“नाही दिली.”

इराची दहावी पुढच्या वर्षी आहे. ह्या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? आणि मी कबूल केलं असतं तरी त्यांनी त्याला पाठवलंच असतं. अधू हाताचा माणूस पाण्याच्या लाइनवर काय करणार? उलट दोघं गेलो असतो. हे अगदी स्पष्ट आहे. तरी लिहून ठेवतो.

७ फेब्रुवारी, गुरुवार

मजीदला आज पाठवलं. चोरीचा शेरा मारून. असा शेरा असला की पुन्हा व्हिसा मिळत नाही, नुसता इथला नाही, कुणी कुठला देत नाही. त्याला हे माहीत होतं. दुबईत त्याचा मेहुणा आहे, तिथे जायचं त्याच्या मनात होतं.

कॅम्पाच्या गेटवर मी गेलो होतो. पोरांनी त्याची बॅग बसमध्ये चढवली. त्याने डावा हात पुढे केला, मग चुकलं असं वाटून उजवा केला, आणि तो नीट उचलेना म्हणून हसला.

“मी तुमचं नाव घेतलं नाय, साहेब,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“मना वाटलं, तुमीच सांगाल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. दुकानात वस्तू नसली की आपण म्हणतो ना, मला वाटलं असेल, तसं. मी म्हणालो की मी वरपर्यंत बोलतो आहे. तो इन्शाल्ला म्हणाला आणि बसमध्ये चढला.

फुलाबाई दोन दिवस खात नाही. माणूस बदलला की जनावराला कळतं. आजपासून एका नेपाळी पोराला शिकवायला घेतलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी जेवत होतो. नीताचा फोन वाजला. मजीदची बायको, हजरा. नंबर मजीदने दिला असणार, इराला घेऊन गेलो होतो तेव्हा नीताने त्याला ओव्याच्या पुऱ्या पाठवल्या होत्या, मग त्याने फोन करून आभार मानले होते. नीताने स्पीकरवर टाकला, कारण तिचा हात भाकरीच्या पिठात होता.

हजरा आधी खूप वेळ दुवा देत होती. साहेबांनी जीव वाचवला, माझ्या पोरांचा बाप परत आणला. मग म्हणाली, “बाय, एक सांगू काय? लोक हिकडं बोलतात, चोरी करून आला. साहेबांनी कंपनीला एक शब्द लिवून दिला की ससे आमीच दिले, तर तो शेरा निघंल. हे मना फोन करू नको म्हणतात. म्हणतात, साहेब खोटं बोलायचे नाय. एवढ्या कामात इसरले असतील.”

नीताने माझ्याकडे बघितलं. इरानेही. इराला मराठी कळत नाही असं आम्ही उगीच समजतो.

मी म्हणालो, “हजराबी, मजीदला द्या.”

तो आला. “साहेब, हिनं उगाच तरास दिला.”

“नाही रे. माझ्या... लक्षात राहिलं नव्हतं बघ. बघतो मी.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “असू द्या साहेब. फुलाबाई खाती काय?”

“खाते,” मी म्हणालो.

फोन बंद झाल्यावर नीता म्हणाली, “तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस. मी इथेच उभी होते.”

मी समजावून सांगायला लागलो, एचआर, शेरा, इराची दहावी. ती ऐकत होती. इरा ताट घेऊन उठली आणि आत गेली. नीताने पिठाचे हात धुतले, उरलेलं पीठ झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. भाकरी अर्धीच झाली होती.

२४ फेब्रुवारी, रविवार

पियूषकडे गेलो होतो. अगदी सरळ बोललो. तो म्हणाला, लिहून द्या सर, मी पुढे पाठवतो. मग तुम्ही चौकशीत खोटं सांगितलंत हेही त्यात येईल. विष कधी कळलं, दवाखान्यात मुंगसाला कधी नेलं, ती तारीखही येईल. “मजीदला हॉस्पिटलात आणलं तुम्ही वीस तारखेला, सर. मधल्या दिवसांचं कुणी विचारणार नाही असं वाटतं?”

त्याला तारीख कशी कळली? जनावरांच्या दवाखान्याचं बिल मीच ऑफिसला दिलं होतं.

विचार करून लिहीन. घाईत लिहिण्यासारखी गोष्ट नाही.

२९ मार्च, शुक्रवार

नीता आणि इरा आज गेल्या. इराची परीक्षा संपली, आता दहावीचं वर्ष नाशिकला तिच्या आजोळी. नीताने महिनाभरात सगळं शांतपणे केलं, शाळेचा दाखला, ॲडमिशन, सामान. भांडण नाही. मी एकदा विचारलं, “मजीदच्या भानगडीमुळे का?”

“नाही,” ती म्हणाली. “इराच्या शाळेसाठी.”

तसं असेल तर ठीक आहे. इथे दहावीला क्लासेसही चांगले नाहीत, हे मीच कधीपासून म्हणत होतो. बरीच कुटुंबं अशी राहतात. एअरपोर्टवर इराला म्हटलं, वर्ल्ड कपला तिकिटं काढून ठेवीन, तुझ्या बाबाच्या गवतावर मॅच बघ. ती मराठीत म्हणाली, “नको, बाबा.” किती दिवसांनी मराठीत बोलली! बरं वाटलं.

ओल्ड एअरपोर्ट भागातला फ्लॅट सोडतो आहे. वक्राला कंपनीची एक खोली मिळते, साइटला जवळ. पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी सहा फेरेटची ऑर्डर गेली आहे, आणि मी आता असिस्टंट मॅनेजर आहे. मंगळवारी एका हॉटेलात प्रेझेंटेशन आहे, विषाशिवाय सशांचा बंदोबस्त, बाहेरच्या देशांची माणसं येणार आहेत. पियूषने स्लाइड्स करून दिल्या. शेवटच्या स्लाइडवर फुलाबाईला खांद्यावर घेतलेला माझा फोटो आहे. कडेला मजीदचा हात दिसत होता, जाळी धरलेला. तो कापायला सांगितला. उगीच कुणी विचारायला नको, हा कोण म्हणून.